उलट्या बाजूने झिजलेले दाते

कवळ्या बनवायच्या त्या कारखान्यात त्याला सगळे पुढारी म्हणत. तसा तो कुठल्या पक्षाचा नव्हता की सभेत बोलणाराही नव्हता. तीस वर्षं लोकांचे दात घडवणारा, सत्तावन्न वर्षांचा, सडपातळ, नाकावर माशी बसू न देणारा एक कारागीर होता. पण रोज सकाळी तो सायकलवरून कामाला यायचा आणि रस्त्यात कुणाला आपल्या पुढे जाऊ द्यायचा नाही, म्हणून हे नाव. ज्याने ठेवलं त्याने चिडवायला ठेवलं होतं. यानेच ते पदवीसारखं मिरवलं.

सायकलही साधीसुधी नव्हती, तिला फ्रीव्हील नव्हतं. म्हणजे असं बघा, तुमच्या-आमच्या सायकलवर पायडल मारायचं थांबवलं की चाक आपलं फिरत राहतं आणि आपण पाय स्थिर ठेवून मजेत उतार उतरतो. याच्या सायकलवर ती चैन नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार. हळू व्हायचं असेल तर पायांनीच पायडलला अडवायचं, उलटा जोर लावायचा. पुढच्या चाकाला तेवढा एक हाताचा ब्रेक होता. अशा सायकली शर्यतीच्या मैदानात चालतात. घरापासून कामापर्यंत नऊ किलोमीटर रोज असल्या सायकलवरून जायचं म्हणजे खाज म्हणायची, दुसरं काय.

तरुणपणी तो दोन वर्षं मैदानावर शर्यतीत उतरला होता. एकही जिंकला नाही. "शर्यती खेळायचो" एवढंच तो सांगे, आणि पुढचं ऐकणारा आपल्या चांगुलपणाने समजून घेई.

मागून येऊन पुढे जाणाऱ्यांबद्दल त्याची मतं ठाम होती आणि जेवणाच्या सुट्टीत ती कुणालाही फुकट मिळत. पुढे जाऊन लगेच हळू होणारा माणूस त्याला सगळ्यात नालायक वाटे. "दम नव्हता तर गेलास कशाला? आता माझ्या नाकासमोर रेंगाळतोस?" दुसरे ते, जे पुढे जाताना मुद्दाम भलतीकडे बघतात, जणू आपण कुणाला मागे टाकतोय हे त्यांच्या गावीच नाही. आणि एखाद्याने शेजारून जाताना हसून मान हलवली, की पुढाऱ्याच्या अंगाचा तिळपापड होई. "कीव करतो काय माझी?" असं तो संध्याकाळपर्यंत पुटपुटत राही, आणि त्या दिवशीच्या कवळ्या जरा जास्तच घट्ट बसत.

चाळिशीपर्यंत त्याला खरोखरच फार कुणी मागे टाकत नसे. पुढे वय झालं. वय कुणाला चुकलंय? पण गृहस्थाने वय मान्य करायचं सोडून नियम बदलले. इंजिनवाल्या गाड्या पहिल्यापासूनच धरायच्या नव्हत्या. मग बॅटरीच्या सायकली आल्या, त्याही बाद. मग गिअरच्या बाद, कारण गिअर म्हणजे मदत. तंग कपडे घालून येणारे बाद, कारण ते कामाला जात नाहीत, व्यायामाला जातात. मग तिशीच्या आतले बाद. समोरून वारा असेल तर सगळेच बाद. असं करता करता सत्तावन्नाव्या वर्षी त्याला मागे टाकू शकेल असा माणूस, नियमाप्रमाणे, या जगात शिल्लक नव्हता.

बायकोचा प्रश्नच नव्हता. ती मागे असायची.

ती त्याच कारखान्यात दातांना रंग द्यायची. तो मेणात, प्लास्टरमध्ये दात बसवायचा, ती चिनीमातीच्या दातांवर केसाएवढ्या ब्रशने खरेपणा काढायची. हिरडीजवळ थोडा पिवळेपणा, टोकाला किंचित निळसर झाक, एखादी अंधुक चीर. तोंडात बसवल्यावर दात खोटा आहे हे नवऱ्यालासुद्धा कळता कामा नये, असं तिचं काम. केलेलं दिसलं की फसलं.

बावीस वर्षांपूर्वी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिने ही नोकरी धरली. बसच्या दोन तासांच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून त्याने आठ दिवस खपून, जुने भाग जमवून, आपल्यासारखीच एक सायकल तिच्यासाठी उभी केली. हे मात्र त्याने मनापासून केलं होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. तेव्हापासून रोज सकाळी सव्वासातला दोघं निघत. आधी कालव्याकाठचा सपाट रस्ता, मग पूल, मग दीड किलोमीटरचा उतार आणि शेवटी गोदामांच्या गल्ल्या. तो पुढे. ती दोन सायकलींचं अंतर ठेवून मागे.

"वारा मी अंगावर घेतो," तो कारखान्यात सांगे. "ती माझ्या आडोशाने येते. तिला काय, फुकटचा प्रवास."

आणखी एका गोष्टीची त्याला फार फुशारकी होती. दोघांच्याही सायकलींचे ब्रेक एकाच दुकानातले, दाबले की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखे केकाटायचे. पन्नाशीनंतर उतारावर तो सर्रास ब्रेक लावू लागला. कारण विचारलंत तर, पुढच्याला खड्डे बघावे लागतात, जबाबदारी असते. "पण हिचा ब्रेक?" तो म्हणे. "बावीस वर्षांत एकदा ऐकला नाही मी. माझ्या इतकी जवळ येण्याची वेळच येत नाही तिच्यावर. मागे राहता राहताच पुरेवाट होते बिचारीची." लोक हसत. ती खिडकीजवळच्या टेबलाशी खाली मान घालून दातावर रेघ ओढत असे.

ती सायकल तिला जिवापाड आवडायची. तसं ती बोलून दाखवायची नाही, पण दर रविवारी जुन्या मोज्याने आरी न् आरी पुसायची, आणि हे काम कुणाला करू द्यायची नाही. घरात घरचं काम, कारखान्यात कारखान्याचं. मधली पस्तीस मिनिटं तेवढी तिची स्वतःची होती. हे त्यालाही माहीत होतं. इतका काही तो दगड नव्हता.

तर अशा या बाईचा गुडघा दुखायला लागला. वर्षभर तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. जिना उतरताना कठड्याला धरायची, पाय आडवा टाकायची, आणि विचारलं तर "मुंगी आलीय" म्हणायची. एका सोमवारी संध्याकाळी कारखान्याच्या जिन्यात चौथ्या पायरीवर ती जी बसली ती उठेना. मालकीणबाई स्वतः खाली आल्या आणि म्हणाल्या, "उद्या दोघांना सुट्टी. आधी डॉक्टर, मग तोंड दाखवा."

गुडघ्याची डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला एकदम सडेतोड. तिने गुडघा वाकवला, सरळ केला, वाटीच्या खाली अंगठा दाबला. बायकोने ओठ दाताखाली घेतला.

"ओझी घेऊन जिने उतरता का?"

"नाही."

"डोंगर उतरायचा नाद?"

"नाही हो."

"मग तुम्ही अडवता काय, ते सांगा. हा गुडघा जोर लावून बिघडलेला नाही. जोर अडवून अडवून बिघडलाय. घसरणारी हातगाडी रोज उतारावर रोखून धरणाऱ्यांचे असे होतात."

"सायकल चालवते," उत्तर पुढाऱ्यानेच दिलं. "पण माझ्या मागे असते. माझ्या निम्मासुद्धा जोर लागत नाही तिला."

डॉक्टरणीने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्यावरची नावं वाचत होती.

"सहा आठवडे विश्रांती आणि सांगते ते व्यायाम," डॉक्टरीण म्हणाली. "त्यानंतर सायकल चालवायला माझी हरकत नाही. पण ज्याच्यामुळे हे झालं ते थांबलं पाहिजे. ते काय आहे ते तुमचं तुम्ही शोधा. नाही थांबलं तर सायकल विसरा. आणि दोन-चार वर्षांनी जिनेही विसरा."

एवढ्या बोलण्यातलं पुढाऱ्याच्या कानांत काय शिरलं? "सायकल विसरा." परतीच्या बसमध्ये त्याने निकाल लावून टाकला. झेपत नव्हतं तर आधीच सांगायचं होतं. असल्या सायकलला दम लागतो, तो सगळ्यांत नसतो, त्यात कमीपणा काही नाही. मालकीणबाईंचे जावई अशीच एक सायकल शोधत होते, त्यांना बोलावून घेऊ. चांगल्या घरी जाईल.

"बघा तुम्हाला काय वाटतं ते," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

त्याला ते मान्यतेसारखं वाटलं. जावई रविवारी दहाला येणार असं ठरलं. त्या आठवड्यात ती गुडघ्याला पट्टा बांधून बसने कामावर जात होती आणि सायकल मागच्या गच्चीत चादरीखाली उभी होती. शुक्रवारी संध्याकाळी ती गच्चीत गेली, चादर नीट केली आणि बराच वेळ परत आली नाही. पुढाऱ्याने दारातून पाहिलं. ती रडत होती. आवाज न करता, एक हात सीटवर ठेवून. त्याला कसंसंच झालं. पण गुडघ्यापुढे इलाज नाही, असं मनाशी म्हणून तो आत निघून गेला.

शनिवारी दुपारी त्याने सायकल विकण्याआधी साफ करायला घेतली. घाणेरडी वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही ही त्याची कारखान्यातली शिस्त. मागचं चाक काढलं, चेन रॉकेलमध्ये टाकली आणि चाकावरची दात्यांची चकती सोडवून फडक्याने पुसली. उजेडात धरली. आणि हात तसाच राहिला.

आता हे समजून घ्या, की झिजलेला दात वाचणं हा त्याचा धंदा. जुनी कवळी हातात घेतली की माणूस कुठल्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो का, सुपारीसारखं काही कडक चघळतो का, हे तो पाच मिनिटांत सांगे, आणि ते चुकत नसे. सायकलच्या दात्यांचंही तसंच असतं. पायडल पुढे रेटलं की चेन दात्याच्या एका अंगाला ओढते, ते अंग झिजतं. पायडल अडवलं की चेन दुसऱ्या अंगाला ओढते. याच्या स्वतःच्या सायकलचे दाते एका बाजूने खाल्ले गेले होते, दुसऱ्या बाजूला नुसता ओरखडा. तिचे दोन्ही बाजूंनी खाल्ले होते. पुढच्यापेक्षा मागून जास्त. प्रत्येक दाता सुईसारखा बारीक झाला होता.

त्याने आधी पळवाट शोधली. चकती कधीतरी उलटी बसवली असेल. पण बसवणारा तोच होता आणि दात्यांचा आकडा कोरलेली बाजू बाहेर ठेवायची हे त्याला झोपेतही चुकलं नसतं. आकडा बाहेरच होता. मग त्याने पुढचा ब्रेक सोडवला. रबर जवळजवळ नवं होतं, त्यावरच्या कारखान्याच्या रेघाही गेल्या नव्हत्या. स्वतःचं रबर तो वर्षाला दोनदा बदलत असे. पुढारी गच्चीत पाटावर बसून राहिला. माणूस उतारावर घाबरत असेल, पाय रोखून धरत असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण दीड किलोमीटरच्या उताराने एवढी झीज होत नाही. ही नऊच्या नऊ किलोमीटरची झीज होती.

ती स्वयंपाकघरात स्टुलावर पाय टाकून मटार सोलत होती. तो काळ्या हातांनी चकती घेऊन दारात उभा राहिला.

"हे मागून झिजलेत."

तिने चकतीकडे पाहिलं. शेंग उघडली, दाणे भांड्यात पडले.

"उताराची भीती वाटायची का तुला?"

"उताराची? नाही."

"मग अडवत कशाला होतीस?"

"नाहीतर तुमच्यावर आदळले असते."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, भाजी आणायची राहिली म्हणावं तसं.

"ब्रेक होता की."

"वाजतो तो."

"मग वाजू द्यायचा."

"तुम्हाला ऐकू आला असता ना," ती म्हणाली.

पुढाऱ्याला काय वाटलं असेल? लाज वाटायला हवी होती. आधी राग आला. बावीस वर्षं आपण पुढे पुढे म्हणून मिरवतोय आणि ही मागून आपल्याला खेळवतेय, लहान पोराला पळण्यात जिंकू द्यावं तशी. "म्हणजे माझी टिंगल चालली होती रोज," तो म्हणाला. "सांगायला काय झालं होतं? पुढे जायचं होतंस. मी काय हात धरला होता तुझा?"

मटाराचं भांडं तिने बाजूला ठेवलं. एरवी मूग गिळून बसणारी बाई, पण त्या दिवशी तिचाही बांध फुटला.

"गेले होते मी पुढे. आठवत नाही ना? पहिल्याच वर्षी, पुलावर. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल, तुम्हीच शिकवलंत म्हणून. हसत होते मी. तुम्ही चार दिवस बोलला नाहीत माझ्याशी. मान खाली घालून जेवायचात आणि उठायचात. पोरगी विचारायची, बाबांना बरं नाही का. पाचव्या दिवशी पाना घेऊन आलात आणि म्हणालात, तुझी सीट फार उंच आहे, पडशील. इंचभर खाली केलीत. तेव्हापासून तशीच आहे. गुडघे पोटात घेऊन चालवते मी. आणि उद्या ती विकायची, कारण मला झेपत नाही."

तो गच्चीत परत गेला, कारण दुसरीकडे कुठे जाणार? चार दिवसांचा अबोला त्याला खरंच आठवत नव्हता. असल्या गोष्टी करणाऱ्याला आठवत नाहीत, भोगणाऱ्याला तारीखवार आठवतात. त्याने सीटचा बोल्ट सैल केला आणि दांडा वर ओढला. आत लपलेला भाग आरशासारखा चकचकीत होता. बरोबर एक इंच खाली, पूर्वी जिथे पट्टी आवळलेली होती तिथे, एक बारीक गोल चर होता.

तो चर बघितला आणि त्याला पाना आठवला. स्वतःच्या हातातला. आणि त्या वेळी मनात काय होतं तेही आठवलं. ती पडेल ही काळजी नव्हती. उंच सीटवर पाय पुरा लांब होतो, जोर मिळतो, हे त्या शर्यतवाल्याला पक्कं माहीत होतं. त्याने ते जाणूनबुजून केलं होतं, आणि नंतर इतकं सोयीस्कर विसरला होता की डॉक्टरणीसमोर मोठ्या तोंडाने उत्तरं देत होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की अंधार पडायला आला तरी तो आत जाईना. शेवटी तीच लंगडत दारात आली आणि म्हणाली, "चला, जेवायचं थंड होतंय."

रविवारी जावई आले. पुढाऱ्याने त्यांना दारातच सांगितलं, सायकल विकायची नाही. "असं कसं? बोलणं झालं होतं," जावई म्हणाले. "माझं झालं होतं," पुढारी म्हणाला. "जिची आहे तिला मी विचारलंच नव्हतं." जावई जरा फुरंगटून गेले.

पुढचे सहा आठवडे त्याने पडेल ते केलं. गरम पाण्याची पिशवी, व्यायामाला घड्याळ लावून बसणं, भांडी, बाजार. नवी चकती आणली. सीट जुन्या चरावर आणून आवळली. कारखान्यात सायकलीचा विषय निघाला की गप्प बसू लागला, आणि लोकांना वाटलं बायकोच्या काळजीने बिचारा खंगला. पण एक गोष्ट त्याच्याने होईना. "चुकलं माझं" हे दोन-तीनदा जिभेवर आलं आणि परत गेलं. सीट वर केली त्यातच सगळं आलं, असं त्याने ठरवून टाकलं. तीही मिळेल तेवढंच घेणारी, तिने मागितलं नाही.

सातव्या आठवड्यात डॉक्टरणीने गुडघा वाकवून पाहिला आणि हो म्हटलं. सोमवारी सकाळी सव्वासातला दोघं फाटकापाशी उभे होते. ती नव्या उंचीवर पाय टेकवून बघत होती.

"मी पुढे जाऊ?"

"जा."

"चार दिवस तोंड फुगवायचं नाही."

"नाही."

"बघा हं. पाना मी लपवून ठेवलाय," ती म्हणाली आणि निघाली.

आणि पुढाऱ्याच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या बाईबरोबर बावीस वर्षं रोज प्रवास केला, तिला सायकल चालवताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. कसं बघणार? डोळे पुढे असतात. ती पाठ सरळ ठेवायची. खांदे जराही हलत नव्हते. पाय एका लयीत फिरत होते, जणू त्यांना कुणी सांगतच नव्हतं. मैदानावरचे त्याचे गुरुजी ज्या चालीसाठी त्याला दोन वर्षं शिव्या घालत होते आणि जी त्याला कधी साधली नाही, ती चाल हीच. कालव्याच्या निम्म्या वाटेपर्यंत तो दोन सायकलींच्या अंतरावर राहिला. मग अंतर चार सायकलींचं झालं. त्याने दात-ओठ खाऊन जोर लावला. मग दहांचं झालं. पुलावर ती ठिपक्याएवढी होती आणि उतारावर दिसेनाशी झाली.

त्याला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, खूप वाईट वाटलं. बायकोचा अभिमान वगैरे नंतर वाटायचा असेल तर वाटेल, पण त्या क्षणी छातीत धाप आणि डोळ्यांत पाणी होतं, आणि ते वाऱ्याचं नव्हतं. गोदामांजवळ एक जाडजूड मास्तर कॅरिअरला पिशवी अडकवून शेजारून पुढे गेले. तिशीच्या आतले नाहीत, तंग कपडे नाहीत, गिअर नाहीत, वाराही पडलेला. त्यांना बाद करायला कुठलाच नियम सापडेना. जाताना त्यांनी मान हलवली. पुढाऱ्यानेही हलवली.

तो कारखान्याचा जिना चढून गेला तेव्हा आठ वाजून गेले होते. भट्ट्या पेटल्या होत्या, मेणाचा वास सुटला होता. ती कधीच टेबलाशी बसली होती, ॲप्रन घालून, भिंगाखाली दात धरून.

"काय पुढारी," मालकीणबाई म्हणाल्या, "बसली का चेन नीट?"

"चेन?"

"पुलाजवळ पडली ना तुमची? तुमच्या बाईच म्हणाल्या. मागून येतायत, आल्यावर त्यांना काही म्हणू नका, चिडलेले असतील."

"जुनी झाली असेल, बदलून टाका," प्लास्टरवाला कळवळून म्हणाला. "नाहीतर तुम्हाला कोण मागे टाकतंय?"

पुढाऱ्याने खिडकीकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. केसाएवढ्या ब्रशने ती पिवळी रेघ ओढत होती, इतकी सफाईदार की दात खोटा आहे हे कुणाला कळू नये. सहा आठवडे विश्रांती झाली, सीट वर गेली, ती मोकळी सुटून नऊ किलोमीटर आली, आणि जिना चढल्याबरोबर पहिलं काम काय केलं, तर पुन्हा त्याच्यासाठी स्वतःला मागे धरलं. डॉक्टरणीने शोधा म्हणून सांगितलं होतं ते हे होतं. ते उतारावर नव्हतं आणि सीटच्या दांड्यातही नव्हतं.

गप्प बसला असता तर निभावलं असतं. हात तेवढे खिशात घालायचे होते, कारण चेन बसवणाऱ्या माणसाचे हात मनगटापर्यंत काळे होतात. त्याने दोन्ही हात सगळ्यांसमोर धरले. स्वच्छ होते.

"चेन पडली नव्हती," तो म्हणाला. "ती माझ्यापेक्षा जोरात चालवते. आज नाही, पहिल्यापासून. मी चालवू देत नव्हतो. तिचा गुडघा त्यानेच गेला."

मालकीणबाईंनी उगाच एक ट्रे इकडचा तिकडे केला. पुढाऱ्याला अजून थांबता आलं असतं, पण आता पाय फिरतच होते. "माझं चुकलं," तो म्हणाला, आणि हे त्याने खिडकीकडे बघून म्हटलं.

"ॲप्रन घाला आधी," ती म्हणाली. "आठ वाजून गेलेत." पण रेघ तिला पुरी करता आली नाही. तिने ब्रश खाली ठेवला.